चाकणचा बुरूज ते भोसरीचा राउटर: बिनतारी कुलपांचा इतिहास

१/ इ.स. १६६०. शायिस्ताखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्ला भुईकोट, भोवती खंदक, आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर शिबंदी. तरीही जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजत राहिला. अखेर मोगलांनी तटावर चढण्याचा नाद सोडला, एका बुरुजाखालपर्यंत भुयार खणले आणि सुरुंगाने तो बुरूज उडवला. ऑगस्टमध्ये चाकण पडले. तटाची उंची तेव्हा कामी आली नाही, कारण शत्रू तटावरून आलाच नव्हता.

२/ आज त्याच चाकणभोवती वाहनांचे कारखाने उभे आहेत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा घडत गेला आणि पुढे चाकणपर्यंत पसरला. मोठ्या कारखान्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. त्यांना सुटे भाग पुरवणारे हजारो लहान गाळे मात्र नकाशावर दिसत नाहीत. अशा गाळ्याच्या पोटमाळ्यावर एक छोटे ऑफिस असते: दोन-तीन संगणक, एक प्रिंटर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, मोठ्या कंपनीकडून आलेली ड्रॉइंग, आणि भिंतीवर लुकलुकणारा राउटर.

३/ त्या राउटरच्या सेटिंगमध्ये एक रकाना असतो: ‘सुरक्षा प्रकार’. त्यात काही पर्याय असतात: खुले, वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-टू, डब्ल्यूपीए-थ्री. राउटर बसवणारा माणूस घाईत असतो, मालक त्याहून घाईत असतो, आणि जे आधीपासून निवडलेले असते तेच राहते. वरवर पाहता ही निव्वळ तांत्रिक बाब वाटते. पण या यादीतील प्रत्येक नाव म्हणजे एका विशिष्ट काळी बनलेले आणि एका विशिष्ट काळी फुटलेले कुलूप आहे. त्या रकान्यात काय निवडावे, हे समजण्यासाठी त्याचा इतिहासच वाचावा लागतो. हा धागा त्यासाठी.

४/ प्रारंभ १९९७ पासून. त्या वर्षी ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने बिनतारी जाळ्यासाठी ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केले. तारेच्या जाळ्यात चोरून ऐकायचे तर तारेपर्यंत पोहोचावे लागते. बिनतारी जाळ्यात लहरी भिंतीबाहेर जातात आणि रस्त्यावरच्या कोणालाही त्या पकडता येतात. म्हणून मानकातच एक कुलूप दिले गेले. त्याचे नाव ‘वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी’, म्हणजे तारेइतकी खासगी सुरक्षा. संक्षेपाने वेप. नावातच दावा माफक होता: अभेद्य नव्हे, फक्त तारेइतके.

५/ वेपची मूळ किल्ली अवघ्या ४० बिटांची होती. यामागे राजकारण होते. त्या काळात अमेरिका बळकट सांकेतिक तंत्राकडे शस्त्रासारखे पाही आणि त्याच्या निर्यातीवर मर्यादा घाली. जगभर विकायचे यंत्र असेल, तर त्यातले कुलूप दुबळे ठेवणेच सोयीचे होते. पुढे निर्बंध सैल झाल्यावर १०४ बिटांची किल्ली आली. पण खरा दोष किल्लीच्या लांबीत नव्हताच. चाकणप्रमाणे येथेही तट उंच करून उपयोग नव्हता, कारण सुरुंग पायाखाली होता.

६/ तो पाया असा. वेपमध्ये प्रत्येक पॅकेटसाठी गुप्त किल्लीला २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडला जाई. २४ बिटांत एकूण १,६७,७७,२१६ आकडे मावतात. ऐकायला प्रचंड वाटतात, पण गजबजलेल्या ऑफिसात ते काही तासांत संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून वापरावे लागतात. आकडे यादृच्छिक निवडले, तर सुमारे ५,००० पॅकेटांतच एखादा आकडा दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. एकाच किल्लीने दोन पत्रे लिहिली गेली, की दोन्ही शेजारी ठेवून मजकूर उलगडता येतो. सांकेतिक लेखनाचा हा फार जुना नियम आहे.

७/ २००१ हे वर्ष निर्णायक ठरले. बर्कली येथील निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी वेपच्या रचनेतील दोष मांडले. त्याच वर्षी स्कॉट फ्लुरर, इत्सिक मान्तिन आणि आदी शमीर यांनी वेपच्या पोटात असलेल्या आरसी-फोर या पद्धतीत अशी उणीव दाखवली, की पुरेशी पॅकेटे गोळा केल्यास गुप्त किल्लीच बाहेर काढता येते. काही आठवड्यांत दुसऱ्या गटाने हा सिद्धान्त प्रत्यक्षात करून दाखवला. लवकरच त्याची साधने इंटरनेटवर फुकट मिळू लागली. कुलूप २००१ मध्ये फुटले, ही तारीख पुढील कथेसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

८/ आता अडचण अशी, की जगभर लाखो यंत्रे विकली गेली होती आणि त्यांतील चिपा नवे, जड गणित पेलू शकत नव्हत्या. म्हणून वाय-फाय अलायन्स या उत्पादकांच्या संघटनेने २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आणले. त्यातील ‘टीकेआयपी’ ही पद्धत जुन्याच यंत्रांवर, केवळ सॉफ्टवेअर बदलून चालावी अशी बेतली होती. ती जाणूनबुजून लावलेले ठिगळ होती: नवे कापड विणून होईपर्यंत अंग झाकण्यापुरती. नवे कापड २००४ मध्ये तयार झाले. ८०२.११आय हे मानक मंजूर झाले, त्यावर ‘डब्ल्यूपीए-टू’ आले आणि त्याच्या गाभ्यात ‘एईएस’ ही बळकट पद्धत बसली. मार्च २००६ पासून वाय-फायचे प्रमाणपत्र हव्या असलेल्या प्रत्येक नव्या यंत्राला डब्ल्यूपीए-टू सक्तीचे झाले.

९/ येथे कथा संपायला हवी होती. फुटलेले कुलूप ओळखले गेले, नवे बनले, सक्तीचेही झाले. पण नवे कुलूप बाजारात येणे आणि जुने दारावरून उतरणे यांत वर्षे जातात. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील ‘टीजेएक्स’ या दुकानसाखळीचे. २००५ मध्ये चोरट्यांनी तिच्या एका दुकानाच्या बिनतारी जाळ्यातून प्रवेश मिळवला. दुकान अद्याप वेपवर होते. तेथून ते मुख्य संगणकांपर्यंत गेले आणि कंपनीने पुढे दिलेल्या माहितीनुसार किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचा तपशील त्यांच्या हाती लागला. कॅनडाच्या तपासात ठपका नेमका याचाच ठेवला गेला, की वेपकडून डब्ल्यूपीएकडे जाण्यास कंपनीने फार वेळ लावला.

१०/ भारतात त्या सुमारास वाय-फाय नुकते पसरत होते. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीची यंत्रे परवान्याविना वापरण्यास मोकळीक दिली. ब्रॉडबँड स्वस्त होत होते आणि मोडेमसोबत येणारे राउटर घराघरांत, ऑफिसांत लागत होते. पेटीतून काढल्यावर त्यांतले बहुतेक खुलेच असत. जोडणी चालू झाली, की काम झाले असे समजले जाई. दार उघडे आहे हे कोणाला जाणवत नव्हते, कारण त्या दाराला चौकट नव्हती.

११/ मग २६ जुलै २००८ आला. अहमदाबादेत एकापाठोपाठ एक स्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने ई-मेल गेला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला, तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे एक अमेरिकन नागरिक भाड्याने राहत होता. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. अखेर निष्कर्ष निघाला, की त्याच्या घरचे वाय-फाय खुले होते आणि दुसऱ्याच कोणी त्याचा वापर केला होता.

१२/ प्रकार तेथेच थांबला नाही. २३ ऑगस्टला दुसरा ई-मेल आला. त्याचा माग माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाकडे गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले आणि त्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या जोडणीवरून गेल्याचे उघड झाले. एक घर, एक महाविद्यालय, एक छोटे ऑफिस. तिन्ही ठिकाणच्या माणसांचा कटाशी संबंध नव्हता. पण इंटरनेटच्या नोंदीत पत्ता त्यांचाच उमटला होता, आणि पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच दारी आले. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी ज्यांना अटक केल्याचे जाहीर केले, त्यांत पुण्यात राहणारे संगणक व्यावसायिकही होते.

१३/ या घटनांचा अर्थ नीट लावला पाहिजे. येथे कोणी फार गहन गणित सोडवून कुलूप फोडल्याचा प्रश्न मुख्य नव्हता. सानपाड्यात तर कुलूपच नव्हते. त्या क्षणापर्यंत लोकांची समजूत अशी होती, की वाय-फाय खुले राहिले तर फार तर शेजारी फुकट इंटरनेट वापरील. २००८ ने दाखवले, की खुल्या जोडणीतून वस्तू चोरीला जातेच असे नाही. नाव चोरीला जाते. घरमालकाने दार उघडे टाकले, तर नुकसान त्याचे होते. येथे दार उघडे राहिले आणि त्यातून बाहेर पडलेला माणूस मालकाचा चेहरा लावून गेला.

१४/ सरकारी प्रतिसाद वेगाने आला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून असुरक्षित वाय-फाय शोधण्याची आणि अशा जोडणीच्या मालकांना नोटीस देण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांना वाय-फाय वापरकर्त्यांच्या नोंदणीबाबत आणि ओळखपडताळणीबाबत सूचना दिल्या. ‘पासवर्ड लावा’ हा संदेश सर्वत्र गेला. पण पासवर्ड कोणत्या पद्धतीखाली लावायचा, हा प्रश्न त्या घोषणेत मावत नव्हता. केवळ कुलूप दिसते की नाही एवढेच पाहिले, तर सात-आठ वर्षांपूर्वी फुटलेले वेपही परीक्षेत उत्तीर्ण होते.

१५/ या प्रश्नाचे उत्तर शोधणारी माणसे पुण्याशी जोडलेली होती, हा या इतिहासातील कमी ठाऊक असलेला भाग. ‘एअरटाइट नेटवर्क्स’ ही बिनतारी सुरक्षेवर काम करणारी कंपनी. मुख्यालय कॅलिफोर्नियात, संशोधन आणि विकासाचे केंद्र पुण्यात. ऑक्टोबर २००७ मध्ये तिचे संशोधक विवेक रामचंद्रन आणि एमडी सोहेल अहमद यांनी अमेरिकेतील ‘टूरकॉन’ परिषदेत ‘कॅफे लाते’ नावाचा हल्ला मांडला. तोपर्यंत समज असा होता, की वेपची किल्ली काढायची तर ऑफिसाच्या आसपास जावे लागते. या दोघांनी दाखवले, की तीही गरज नाही.

१६/ कॅफे लातेची युक्ती अशी. ऑफिसातला लॅपटॉप ओळखीच्या जाळ्याचे नाव लक्षात ठेवतो आणि बाहेर गेल्यावरही ते शोधत राहतो. हल्लेखोर उपाहारगृहात बसून त्याच नावाचे खोटे जाळे उभे करतो. वेपमध्ये केवळ यंत्राने किल्ली सिद्ध करायची असते. जाळ्याने आपली ओळख पटवण्याची सोयच नाही. लॅपटॉप फसतो आणि जोडला जातो. मग त्याच्याकडूनच हजारो पॅकेटे वदवून घ्यायची आणि किल्ली काढायची. सारे काही कॉफी संपेपर्यंत. म्हणजे भोसरीच्या ऑफिसाची किल्ली मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एखाद्या उपाहारगृहातही हरवू शकत होती, आणि ऑफिसाच्या भिंती कितीही जाड असल्या तरी फरक पडत नव्हता.

१७/ २०१० मध्ये याच कंपनीतून दुसरा शोध आला आणि तो डब्ल्यूपीए-टूबद्दल होता. सोहेल अहमद यांनी मांडलेल्या या उणिवेचे नाव ‘होल १९६’. मानकाच्या १९६ व्या पानावरील एका वाक्यात ती दडलेली होती, म्हणून हे नाव. डब्ल्यूपीए-टूमध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःची किल्ली मिळते. पण सर्वांना उद्देशून जाणाऱ्या संदेशांसाठी एक सामाईक किल्ली असते आणि ती आतल्या प्रत्येकाकडे असते. त्यामुळे आत प्रवेश मिळालेला माणूस राउटरच्या नावाने खोटा संदेश धाडू शकतो आणि इतरांची वाहतूक आपल्याकडे वळवू शकतो. किल्ली फोडण्याचा प्रश्नच नाही. ती त्याला रीतसर दिलेली असते.

१८/ इतिहासाच्या वाचकांना येथे लाल महाल आठवेल. चाकण घेणारा शायिस्ताखान पुण्यात मुक्काम ठोकून बसला. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराज निवडक माणसांसह थेट त्याच्या निवासस्थानात शिरले. खाफीखानाच्या वृत्तांतात तर लग्नाच्या वरातीसाठी परवाना मिळवून काही मराठे शहरात आले, असे वर्णन आहे. तपशिलावर चर्चा होऊ शकते, पण तत्त्व स्पष्ट आहे: पहारा बाहेरच्यांसाठी असतो, परवाना दाखवून आत आलेल्याकडे तो पाहत नाही. लहान ऑफिसात हा धोका विशेष मोठा, कारण तेथे एकच पासवर्ड मालक, कामगार, हिशेबनीस, दुरुस्तीवाला आणि पाहुणा अशा सर्वांना सांगितलेला असतो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्येही तो जिवंत असतो.

१९/ यावर उपाय जुनाच आहे. डब्ल्यूपीएच्या प्रत्येक पिढीचे दोन अवतार असतात. ‘पर्सनल’मध्ये सर्वांना एक पासवर्ड. ‘एंटरप्राइज’मध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते, आणि प्रवेश देण्यापूर्वी ‘रेडियस’ नावाचा एक मध्यवर्ती सर्व्हर ओळख तपासतो. माणूस गेला, की फक्त त्याचे खाते बंद. लहान उद्योजक या शब्दाला बिचकतात, कारण ‘एंटरप्राइज’ म्हणजे मोठ्या कंपनीसाठी असे वाटते. वास्तविक त्यासाठी ‘फ्रीरेडियस’सारखे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. खर्च यंत्राचा कमी आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा अधिक. सात-आठ जणांच्या ऑफिसात तो माणूस बहुधा नसतो, आणि अडचण खरी तीच आहे.

२०/ ‘पर्सनल’ची स्वतःची एक कमजोरी आहे. यंत्र जाळ्याला जोडले जाताना चार टप्प्यांची देवाणघेवाण होते. ती बाहेरून टिपून ठेवता येते आणि मग हल्लेखोर आपल्या घरी बसून, राउटरला न कळता, एकामागून एक पासवर्ड लावून पाहू शकतो. त्यामुळे डब्ल्यूपीए-टूचे बळ शेवटी पासवर्डाच्या बळाइतकेच. कंपनीचे नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड असेल, तर एईएस काहीही वाचवू शकत नाही. त्यात आणखी एक चोरवाट: आकडी पिन टाकून यंत्र झटपट जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ सोय. २०११ मध्ये श्टेफान फीबॉक यांनी दाखवले, की तिची आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, म्हणून दहा कोटींऐवजी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात.

२१/ ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठातील माती वानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी ‘क्रॅक’ हा हल्ला जाहीर केला. डब्ल्यूपीए-टूच्या त्याच चार टप्प्यांत, यंत्राला आधी वापरलेली किल्ली पुन्हा बसवायला लावता येत होती. तेरा वर्षे भरवशाचे मानलेले कुलूपही हादरले. मात्र येथे वेपपेक्षा वेगळे घडले: दोष सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीने मिटवता येण्याजोगा होता. ज्या यंत्रांना दुरुस्ती मिळाली, ती वाचली. ज्यांच्या उत्पादकांनी ती कधी पाठवलीच नाही, ती तशीच राहिली. भिंतीवर लावून विसरलेला राउटर बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडतो.

२२/ २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-थ्री’ आले. त्यात पासवर्ड तपासण्याची पद्धतच बदलली. टिपून घेऊन घरी अंदाज लावत बसणे आता शक्य नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावे लागते. शिवाय आज पासवर्ड कळला, तरी काल टिपलेला मजकूर उलगडत नाही. २०१९ मध्ये वानहूफ आणि एयाल रोनेन यांनी यातही ‘ड्रॅगनब्लड’ नावाने काही दोष दाखवले. त्यांतील एक बोलका होता: डब्ल्यूपीए-टू आणि थ्री दोन्ही चालणाऱ्या मिश्र रचनेत यंत्राला जुन्या पद्धतीकडे ढकलता येते. जुने दार सोयीसाठी उघडे ठेवले, की नव्या दाराची मजबुती त्या प्रमाणात कमी होते.

२३/ हा धागा जेथून निघाला, त्या गाळ्याकडे आता परतता येईल. तेथील निवड इतिहासाच्या उजेडात बरीच सोपी होते. सर्व यंत्रे नवी असतील तर डब्ल्यूपीए-थ्री. नसतील तर डब्ल्यूपीए-टू, पण फक्त एईएससह. टीकेआयपी हे २००३ चे ठिगळ आहे, त्याची मुदत केव्हाच संपली. वेप आणि डब्ल्यूपीएस बंद. पासवर्ड लांब, शब्दकोशात न सापडणारा आणि माणूस गेला की बदललेला. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे. माणसे वाढली, की प्रत्येकाचे वेगळे खाते. राउटर असा, ज्याला उत्पादक अजून दुरुस्त्या पाठवतो.

२४/ एक गाठ मात्र उरते. गाळ्यात एखादा जुना बारकोड स्कॅनर किंवा प्रिंटर असतो, ज्याला नवी पद्धत समजत नाही. तो चालावा म्हणून सगळ्या ऑफिसचे कुलूप जुने ठेवले जाते. वेपचे आयुष्य अशाच सोयींनी लांबले. योग्य मार्ग उलटा आहे: जुन्या यंत्राला वेगळ्या जाळ्यात ठेवावे, तारेने जोडावे किंवा निवृत्त करावे. एका यंत्रासाठी सबंध ऑफिस २००१ च्या आधीच्या काळात ठेवणे परवडत नाही. हे आता ग्राहकही विचारू लागले आहेत. जर्मन वाहनउद्योगाने २०१७ पासून पुरवठादारांच्या माहिती-सुरक्षेसाठी ‘टिसॅक्स’ ही तपासणी रूढ केली, आणि चाकणमध्ये जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. गाळ्यातले ड्रॉइंग गाळेवाल्याचे नसते. ते विश्वासाने सोपवलेले असते.

२५/ संग्रामदुर्गाचे अवशेष आजही चाकण गावात आहेत. फिरंगोजींनी किल्ला शौर्याने लढवला, आणि भुयार पायाखाली पोहोचेपर्यंत तो टिकला. बिनतारी कुलपांच्या इतिहासात मात्र भुयाराची बातमी नेहमी आधी छापून आली आहे. वेपची २००१ मध्ये, टीकेआयपीच्या जागी येणाऱ्या नव्या पद्धतीची २००४ मध्ये, क्रॅकची २०१७ मध्ये. सानपाडा, माटुंगा आणि चेंबूर येथे पोलीस पोहोचले, तेव्हा डब्ल्यूपीए-टू येऊन चार वर्षे झाली होती. बळकट कुलूप बाजारात होते, कदाचित त्याच राउटरच्या यादीत होते. कोणीतरी तो रकाना उघडून ते निवडायचे तेवढे राहिले होते.